कोब्लेशन की साधं? आधी सातव्या रात्रीचं बोलू

"ताई, आम्ही घोडबंदर रोडला कासारवडवलीला राहतो. मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत आहे. वर्षभरात चार-पाच वेळा टॉन्सिल सुजून ताप आला. दर वेळी अँटिबायोटिक आणि शाळा बुडणं. रात्री तोंड उघडं टाकून झोपतो, खूप घोरतो, मध्येच श्वास अडकल्यासारखा होऊन दचकतो, पण वजन जरा जास्त आहे, त्यामुळे असेल. दोन ठिकाणी दाखवलं. ठाण्यातले डॉक्टर म्हणतात, नेहमीच्या पद्धतीने काढू, एक रात्र ठेवू. वाशीला कोब्लेशनने करतात. 'दुखत नाही, रक्त नाही, संध्याकाळी घरी' असं सांगितलं. खर्च जवळपास दुप्पट. मिस्टर म्हणतात, पोराच्या बाबतीत पैशाकडे बघायचं नाही. सासूबाई म्हणतात, टॉन्सिल काढले की अंगातली ताकद जाते आणि आवाज बसतो. दिवाळीच्या सुट्टीत ऑपरेशन उरकून आठव्या दिवशी दापोलीला गावी जायचा बेत आहे. धाकट्या दिरांनाही (वय 31) वर्षातून तीनदा घसा धरतो. दोघांचं एकदमच करून घ्यावं का? कोणती पद्धत चांगली, तेवढं सांगा. लेक विचारतोय, काढलेले टॉन्सिल बघायला मिळतील का?"
— एक आई, ठाणे (प.)

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा कोब्लेशन या टॉन्सिल काढायच्या यंत्राच्या पद्धतीपाशीच अडकले. दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्यावर बोट ठेवलं आणि तिथेच थांबले. ते वाक्य तुम्ही लिहिलंत आणि लगेच वजनावर ढकलूनही दिलंत. त्याच्याकडे येतेच.

मी डॉक्टर नाही, हे नेहमीचं आधी सांगते. कान-नाक-घशाच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, सिस्टर म्हणून माझी तीस-एक वर्षं गेली. शनिवारी ओळीने पाच-पाच पोरांचे टॉन्सिल निघायचे आणि हत्यारांच्या टेबलामागे मी उभी असायची. तिथून जे दिसलं आणि पुढे ज्या डॉक्टरांबरोबर काम केलं त्यांनी जे शिकवलं, ते सांगते. निर्णय तुमचा आणि तुमच्या डॉक्टरांचा.

आधी ऑपरेशन लागतंय का ते बघू. घसा वारंवार धरतो एवढ्या कारणासाठी टॉन्सिल कधी काढावेत, याचा एक हिशेब जगभर मानतात. अमेरिकेतल्या पिट्सबर्गचे बालरोगतज्ज्ञ जॅक पॅराडाइज यांच्या 1984 च्या अभ्यासावरून तो आला. वर्षात 7 वेळा, किंवा लागोपाठ 2 वर्षं दर वर्षी 5 वेळा, किंवा 3 वर्षं दर वर्षी 3 वेळा. आणि 'घसा जरा खवखवला' हे त्यात धरायचं नाही. घसादुखीबरोबर 101 च्या वर ताप, किंवा मानेत दुखऱ्या गाठी, किंवा टॉन्सिलवर पांढरे ठिपके, किंवा स्ट्रेप्टोकोकसची तपासणी पॉझिटिव्ह, यांतलं काहीतरी हवं, आणि त्याची डॉक्टरांच्या कागदावर नोंद हवी. तुमच्या मुलाचे चार-पाच या हिशेबात बसत नाहीत. नुसतं तेवढंच असतं तर मी म्हटलं असतं, वर्षभर वही घालून नोंदी ठेवा. पुष्कळ मुलांचे टॉन्सिल वय वाढेल तसे आपोआप लहान होतात.

आता ते वाक्य. घोरणं, तोंडाने श्वास, मध्येच श्वास अडकून दचकणं. टॉन्सिल आणि त्यांच्या वर नाकामागे असलेल्या तसल्याच गाठी, म्हणजे अॅडिनॉइड मोठे असले की झोपेत श्वासाची वाट अडते. लहान मुलांत ऑपरेशनचं हेच आज मोठं कारण आहे, आणि माझा अंदाज असा की दोन्ही डॉक्टरांनी ऑपरेशन याच्यासाठीच सुचवलं असावं. तुमच्या लक्षात मात्र 'ताप' राहिला. वजन हे कारण असू शकतं, पण म्हणून ते सोडून द्यायचं नसतं. वजन जास्त असलेल्या मुलाची ऑपरेशनआधी रात्रभराची झोपेची तपासणी करून घ्यावी असं आता सांगतात, कारण अशा मुलांत टॉन्सिल काढूनही त्रास थोडाफार उरू शकतो आणि भुलीतही जास्त लक्ष ठेवावं लागतं. तोवर एक फुकटची तपासणी आज रात्रीच करा. तो गाढ झोपला की मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ घ्या, छाती आणि तोंड दोन्ही दिसेल असा, आणि डॉक्टरांना दाखवा. तोंडी वर्णनापेक्षा त्यांना त्यातून कितीतरी जास्त कळतं.

घाईही नको. अमेरिकेत 2013 मध्ये 5 ते 9 वयाच्या, झोपेत श्वास अडणाऱ्या 464 मुलांचा अभ्यास झाला. अर्ध्यांचं ऑपरेशन लगेच केलं, अर्ध्यांना सात महिने नुसतं नजरेखाली ठेवलं. ऑपरेशन झालेल्यांपैकी 79 टक्के मुलांची झोपेची तपासणी नॉर्मल आली, न झालेल्यांपैकी 46 टक्के. एकाग्रतेच्या चाचण्यांत मोठा फरक पडला नाही, पण झोप, वागणूक, दिवसभराची तरतरी ऑपरेशनवाल्यांत जास्त सुधारली. म्हणजे उपाय चांगला आहे, पण उद्याच्या उद्या झालाच पाहिजे असं नाही. मुलाच्या तपासणीत ऑक्सिजन फार खाली जातोय असं निघालं तर मात्र सुट्टीची वाट बघू नका.

पद्धतींकडे येते. माझ्या टेबलावर सुरुवातीला जे असायचं त्याला पुस्तकात 'कोल्ड' म्हणतात. खांद्याखाली उशी, मान मागे, तोंड उघडं धरून ठेवायला बॉयल-डेव्हिसचा गॅग, टॉन्सिलच्या कडेला चीर, मग बोथट हत्याराने तो हळूहळू सोडवत आणायचा आणि शेवटी खालच्या देठाला तारेचा फास, म्हणजे स्नेअर, घालून ओढायचा. जागेवर गॉज दाबून धरायचा, नाही थांबलं तर रेशमी धाग्याची गाठ. घशाच्या तळाशी, इतक्या अरुंद जागेत गाठ मारणं म्हणजे सुरईच्या तोंडातून हात घालून आत गाठ मारण्यासारखं, पण काही सर्जनांचे हात बघत राहावेत असे चालायचे. मग कॉटरी आली. विजेच्या उष्णतेने कापणं आणि रक्त थांबवणं एकाच वेळी होतं. काम पटकन उरकतं आणि टेबलावर रक्त कमी सांडतं. पण तिथली उष्णता 400 अंश सेल्सिअसच्या घरात जाते, आजूबाजूचा भाग भाजतो, आणि भाजलेलं नंतर दुखतं.

कोब्लेशन यातूनच सुचलं. सलाइनच्या पाण्यातून विद्युतलहरी सोडून तयार होणाऱ्या प्लाझ्माने, म्हणजे विद्युतभारित कणांच्या थराने, पेशी विरघळवायच्या, उष्णता 40 ते 70 अंश. कल्पना सुंदर आहे. पण 'दुखत नाही' असं कोणी म्हटलं की मला हसू येतं. कॉक्रेन नावाची संस्था जगभरचे अभ्यास एकत्र करून तोलते. तिने 2017 मध्ये कोब्लेशन तोललं, तर पहिल्या दिवशी दुखणं थोडं कमी असेल आणि तिसऱ्या दिवसापासून फारसा फरक उरत नाही, असं निघालं. तेही कच्च्या पुराव्यावर. उलट काही दिवसांनी होणाऱ्या रक्तस्रावाचा धोका किंचित जास्तच असावा, असाही कल दिसला. त्याआधी ब्रिटनमध्ये 2003-04 या काळात जवळजवळ 34,000 ऑपरेशनांची नोंद ठेवली होती. एकूण रक्तस्राव 3.5 टक्क्यांच्या आसपास, आणि उष्णतेच्या पद्धतींत, कोब्लेशन धरून, तो जुन्या कोल्ड पद्धतीपेक्षा जास्त. हातांना सवय झाल्यावर कोब्लेशनमध्येही तो कमी होतो, हेही खरं. लेसर आणि हार्मोनिक स्कॅल्पेल, म्हणजे ध्वनिलहरींच्या कंपनाने कापणारं हत्यार, यांबद्दल विचारू नका. दोन्ही यंत्रं आली तेव्हा ओटीबाहेर फोटो निघाले होते, टॉन्सिलसाठी नंतर फार वेळा उघडलेली मी पाहिली नाहीत.

ठाण्याच्या डॉक्टरांचं 'नेहमीचं' म्हणजे काय, तेही विचारून घ्या. आज बहुतेक ठिकाणी कापणं कोल्डने आणि रक्त थांबवणं बायपोलर कॉटरीने, म्हणजे विजेच्या चिमट्याने, असं मिश्रण असतं. 'तुम्ही काढता कशाने' यापेक्षा 'रक्त थांबवता कशाने' हा प्रश्न विचारलात की डॉक्टर खुर्चीत जरा सावरून बसतील.

महागडं यंत्र कधी पैसे वसूल करून देतं, तेही सांगते. टॉन्सिल पूर्ण न काढता त्याचं बाहेरचं आवरण आणि पातळ थर जागेवर ठेवायचा, आतला गर तेवढा काढायचा, अशी एक पद्धत आहे. इंट्राकॅप्स्युलर म्हणतात. घशाचा स्नायू उघडा पडत नाही, त्यामुळे दुखणं कमी, रक्तस्राव कमी, मूल लवकर खायला लागतं. थोड्या मुलांत टॉन्सिल पुन्हा वाढतो, हा तोटा. घोरण्यासाठी ऑपरेशन असेल तर हा पर्याय विचारण्यासारखा आहे, आणि तो कोब्लेशनच्या कांडीने किंवा मायक्रोडिब्रायडरने, म्हणजे फिरत्या बारीक पात्याच्या यंत्राने, करतात. तेव्हा वाशीच्या डॉक्टरांना विचारा, पूर्ण काढणार की आतून? पूर्णच काढणार असतील तर दुप्पट पैसे कशाचे, याचं उत्तर मला तरी सापडत नाही. बराचसा खर्च त्या कांडीचा असतो, आणि ती एकदाच वापरायची असते. नवी उघडणार ना, हेही न लाजता विचारा.

माझ्या मते तुमच्या दोन कोटेशनांत खरा फरक यंत्राचा नाहीच. एकजण रात्रभर ठेवतोय, दुसरा संध्याकाळी घरी पाठवतोय. झोपेत श्वास अडणाऱ्या, वजन जास्त असलेल्या मुलाची ऑपरेशननंतरची पहिली रात्र बोटाला ऑक्सिजनचा क्लिप लावून, कोणीतरी जागं असताना गेलेली बरी. या एका मुद्द्यावर मी ठाण्याला मत देते.

आणि मग सातवी रात्र. रक्तस्राव दोन वेळी होतो. पहिल्या 24 तासांत, तेव्हा बहुधा हॉस्पिटल जवळ असतं. नाहीतर साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात, खपली सुटते तेव्हा. तोवर सगळे निर्धास्त झालेले असतात. माझ्या बहिणीच्या मुलाला सहाव्या रात्री झाला. उशी स्वच्छ, चादर स्वच्छ. झोपेत तो सारखा आवंढे गिळत होता एवढंच. बहिणीला वाटलं, स्वप्नात काहीतरी खातोय. तासाभराने उलटी झाली तेव्हा कळलं की तो रक्त गिळत होता. वेळेत नेलं, पुन्हा भूल देऊन थांबवलं, आज तो मुलगा कॉलेजात आहे. पण ते आवंढे मी विसरले नाही. त्या दिवसांत मुलाजवळच झोपा. थुंकीत एखादी लालसर रेघ आली तर डॉक्टरांना फोन करा. ताजं लाल रक्त आलं, कितीही वाटलं थोडंच आहे तरी, त्याला पुढे वाकवून बसवा, गिळू नको थुंक म्हणा, खायला काही देऊ नका आणि निघा.

कुठे निघायचं, हे ऑपरेशनआधी ठरवा. कासारवडवलीहून वाशी म्हणजे घोडबंदर रोड, माजिवडा, कळवा-विटावा, मग ठाणे-बेलापूर रस्ता. घोडबंदरला रात्रीचे ट्रेलर आणि मेट्रोचं काम काय करतं, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त भोगलंय. ऑपरेशन वाशीला केलंत तरी घराजवळच्या कोणत्या हॉस्पिटलात रात्री कान-नाक-घशाचे डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ बोलावता येतात, ते आधी फोन करून विचारा. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाला वैद्यकीय महाविद्यालय जोडलेलं आहे, ते लक्षात असू द्या. नंबर फ्रिजवर चिकटवा, 108 सुद्धा.

यावरून दापोलीचं उत्तर तुम्हाला मिळालंच असेल. आठवा दिवस म्हणजे ऐन खपली सुटायची वेळ. दोन आठवडे ठाणे सोडायचं नाही. गावाकडच्या मंडळींनाच दिवाळीला इकडे बोलवा. पण खरं सांगू, दिवाळीची वेळच मला पटत नाही. घरात चकली, कडबोळी, शेव, बाहेर फटाक्यांचा धूर, आणि पोराचा घसा सोललेला. घाई नाही असं तपासणीत निघालं तर मे महिन्याचे पहिले दोन आठवडे बरे. सुट्टी मोठी, आणि बर्फ चघळायला हवाही तशी.

घरी काय दिसेल तेही ऐकून ठेवा. टॉन्सिलच्या जागी पांढरट-पिवळा थर येतो. तो पू नाही, ती ओली खपली. तोंडाला वास येतो. कान दुखतो, कारण घसा आणि कान यांना एकच नस जोडते. कानात तेल घालू नका. अॅडिनॉइडही काढले तर काही दिवस आवाज नाकातून येईल, पाणी पिताना थोडं नाकात येईल. दुखणं पहिल्या दिवशी बेताचं, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी वाढतं, सकाळी उठल्यावर घसा सुकल्यामुळे सगळ्यात वाईट. म्हणून औषध 'दुखलं की' द्यायचं नाही, पहिले काही दिवस घड्याळाप्रमाणे द्यायचं, रात्री उठवूनही. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन, वजनानुसार डॉक्टर लिहून देतील तेवढं. अॅस्पिरिन नाही. निमेसुलाइड आपल्याकडे 12 वर्षांखालील मुलांना बंद आहे. आणि कपाटातलं कोडीन असलेलं खोकल्याचं औषध अजिबात नाही. झोपेत श्वास अडणाऱ्या मुलांत टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर कोडीनने जीव गेलेत, म्हणून अमेरिकेत 2013 मध्ये त्यावर सक्त इशारा आला.

खाण्यात पाणी पहिलं. घसा कोरडा राहिला की दुखतो, दुखतो म्हणून मूल पीत नाही, मग आणखी कोरडा. दर तासाला दोन-चार घोट, लघवी होतेय ना यावर लक्ष. पेज, मऊ खिचडी, दूधभात, गार शिरा, नारळपाणी, आइस्क्रीम चालेल. लिंबू, ताक, टोमॅटोचं सार झोंबतं. कोकम सरबत आणि लाल रंगाचा गोळा नको. झोंबण्यापेक्षाही, उलटी झाली तर ते रक्त की सरबत, या गोंधळात रात्री दोन वाजता तुम्हाला पडायचं नाही. हल्ली डॉक्टर सांगतात, जमेल ते नेहमीचं जेवण सुरू करा, त्याने रक्तस्राव वाढत नाही. मी जुन्या वळणाची. पोळी चालेल, पण चकली आणि खारी मी दहा दिवस डब्यातच ठेवीन. शाळा, खेळ, पोहणं दोन आठवड्यांनी.

सासूबाईंना सांगा, टॉन्सिल हे एकटे राखणदार नाहीत. घशात, जिभेच्या मुळाशी तसलंच मांस आणखी असतं, ते काम करतं. ताकद जात नाही. आवाजात थोडा फरक पडला तर तो मोकळा होण्याच्या बाजूने.

दिरांचं एकदम? अहो, दोन रुग्ण, दोन्ही न गिळणारे, आणि एकट्या तुम्ही! मोठ्यांना हे ऑपरेशन लहानांपेक्षा जड जातं. दुखणं जास्त, रक्तस्रावाची शक्यता जास्त, दोन आठवडे ऑफिस विसरायचं. ब्रिटनमध्ये वारंवार घसा धरणाऱ्या मोठ्या माणसांचा अभ्यास 2023 मध्ये आला. ऑपरेशन केलेल्यांना दोन वर्षांत मधल्या आकड्याने 23 दिवस घसादुखी, न केलेल्यांना 30. फायदा आहे, पण सात दिवसांचा. वर्षातून तीनदा धरणाऱ्याने तो कशाला विकत घ्यावा? सिगारेट असेल तर ती आधी सोडायला सांगा. मात्र एक बघा, दोन्ही बाजू सारख्याच मोठ्या होतात ना? एकच टॉन्सिल कायम मोठा दिसत असेल तर लवकर डॉक्टरांकडे पाठवा, तो वेगळा विषय आहे.

विम्याची पॉलिसी आधी उघडा. आरोग्य संजीवनीसारख्या पॉलिसीत टॉन्सिल आणि अॅडिनॉइडच्या ऑपरेशनला 24 महिन्यांची प्रतीक्षा लिहिलेली असते. कोब्लेशनची कांडी कॅशलेसमध्ये धरणार का, हे टीपीएकडून, म्हणजे विम्याचे दावे हाताळणाऱ्या संस्थेकडून, लेखी घ्या.

आता तुमच्या मुलाचा प्रश्न, जो मला सगळ्यात आवडला. काढलेलं मांस नियमाने हॉस्पिटलच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जातं किंवा तपासणीला. बाटलीत घालून शाळेत न्यायला मिळणार नाही, हे त्याला आधीच सांगून टाका. पण भूल द्यायच्या आधी त्यानेच सर्जनना विचारावं, मोठ्याने. आमच्याकडे एकाने विचारलं होतं तेव्हा डॉक्टरांनी गॉजवर दोन्ही टॉन्सिल मांडून फोटो काढायला लावला होता. शेजारी मोजपट्टीही ठेवली होती, कारण त्या मुलाला ते क्रिकेटच्या चेंडूएवढे असतील असं वाटत होतं.